खिंडीतलं कोमट पाणी

मी मुळातच घाबरट. वाऱ्यानं दार आपटलं तरी माझ्या हातातली कॉफी निम्मी सांडते. बागियो शहरातल्या नर्सिंग कॉलेजात आम्हाला बाळंतपण करायला शिकवलं, टाके घालायला शिकवलं, पण न दचकता कसं राहायचं, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. तेव्हा मी आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुम्ही माझ्या स्वभावावर ढकललंत तरी माझी तक्रार नाही. उरलेलं निम्मं मात्र मला कशावरच ढकलता येत नाही, म्हणून तर सांगायला बसले.

दर गुरुवारी मी लशींची पेटी आणायला आमच्या गावातून जिल्ह्याच्या इस्पितळात जाते. गाव वर, इस्पितळ खाली, आणि मध्ये सिनिपानची खिंड. आधी दीड तास चढ, मग दोन तास उतार. बेंगेटच्या डोंगरांत याहून सोपा रस्ता कुणाच्या वाट्याला येत नाही. जायला एकच जीपनी, मानोंग पिद्योंगची. मानोंग म्हणजे आमच्याकडे दादा, आणि मानांग म्हणजे ताई. लांब नाकाची, जुन्या जपानी ट्रकचं इंजिन बसवलेली, मागे दोन समोरासमोर बाकं, बाजूंना गुंडाळून ठेवलेली ताडपत्री. मला गाडी लागते म्हणून पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची जागा माझी. त्यामुळे दोन वर्षं मी तो माणूस काम कसं करतो ते हातभर अंतरावरून पाहिलं, आणि पाहता पाहता त्याची भक्तच झाले म्हणा ना.

एकसष्ट वर्षांचा माणूस. बोटं सुरणासारखी जाड. पण रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पतंग तो जुन्या टूथब्रशनं असे काढायचा की जाळीचं एक पातं वाकायचं नाही. रोज सकाळी झाकण उघडून पाण्यात बोट बुडवायचा आणि उजेडात धरून बघायचा. तांबूस दिसलं तर गंज. तेलाचा तवंग दिसला तर दुखणं आतलं. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा, पंपाच्या खाली कागद धरून थेंब पडतो का बघायचा. वरचा रबरी पाइप तर तो असा चेपायचा, जशी मी नाडी बघते. तेवढाच वेळ, तसेच डोळे मिटून.

"काय म्हणते पेशंट?" मी विचारायची.

"म्हातारी ठणठणीत आहे. तिला तुझ्यासारखं शिकलेलं माणूस नको. तिच्याजवळ न घाबरणारं माणूस लागतं."

एकदा खिंडीत त्यानं झाकण सैल केलं, आणि वाफेची शिट्टी ऐकून मी चक्क किंचाळले. सगळी गाडी हसली.

"आदिंग," तो म्हणाला. आमच्याकडे धाकट्या भावंडाला असंच हाकारतात. "तू आणि हे झाकण, दोघं सारखीच. जरा हात लावला की फुस्स!"

मागून आमच्या गावातली म्हातारी आपो मागदा ओरडली, "पिद्योंग, माझ्या नवऱ्यानं माझी एवढी निगा राखली असती ना, तर मी अजून चाळिशीची दिसले असते!"

"आपो, तुम्हाला रेडिएटर नाही ना. म्हणून तर तुम्ही सारख्या तापता."

त्याचा एक नियम मात्र थट्टेपलीकडचा होता. आमच्याकडे पास्मा म्हणतात. तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की नसा दुखावतात, हात कापायला लागतात, असं लहान पोरालासुद्धा माहीत असतं. दिवसभर इस्त्री केलेली बाई झोपेपर्यंत हात धूत नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं की असं काही नसतं. पण इंजिनाला असतं. तापलेल्या इंजिनात झऱ्याचं गार पाणी ओतलं, की आतलं लोखंड तडकतं. गाडी तिथेच मरते. म्हणून पिद्योंग पाण्याचे तीन पिवळे कॅन आपल्या पायाशी, इंजिनाच्या पत्र्याला टेकवून ठेवायचा. वाटेत ते कोमट होत राहायचे. झाकण उघडण्याआधी ओलं पोतं त्यावर टाकायचा, आणि हळूच म्हणायचा, "बाजूला व्हा, आपो. गरम आहे." आपो म्हणजे वडीलधारं माणूस, पण हे दिसत नाहीत त्यांच्यासाठी. गरम पाणी जमिनीवर टाकताना आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात. मग पाव फेरा. फुस्स. थांबायचं. मग उरलेला फेरा.

तीस वर्षांत त्याची गाडी एकदाही उकळली नव्हती. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर सांगायचे.

नोव्हेंबरातला तो गुरुवार. मी रिकामी लशींची पेटी पुसत होते, तेवढ्यात आपो मागदा धावत आली. तिची सून साबेल घरी एकटीच मोकळी झाली होती. एकोणीस वर्षांची पोर, पहिलं बाळंतपण. नवरा खाणीवर. मी पोचले तेव्हा मुलगा रडत होता, वारही पडली होती. पण रक्त थांबेना. पिशवी आवळायला हवी ती आवळत नव्हती. माझ्याजवळ होतं ते इंजेक्शन मी दिलं, सलाइन लावलं, पोट चोळत राहिले. चोळलं की थांबायचं, हात काढला की पुन्हा सुरू. माझ्या हातातली ही पहिलीच अशी बाई. ॲम्ब्युलन्स खाली जिल्ह्याला, वर यायलाच चार तास लागणार.

पिद्योंगनं इतर प्रवाशांना उतरवलं, मागच्या बाकांमध्ये गादी अंथरली, ताडपत्री खाली सोडली. कुणाला काही समजवावं लागलं नाही. साबेलला आत घेताना माझे हात, तिचे पाय, सगळं रक्तानं माखलेलं होतं. मी पुढून दोन पिवळे कॅन ओढले आणि धुऊन काढलं. पाणी छान कोमट होतं. मला त्या वेळी एवढंच कळलं, की पाणी छान कोमट आहे.

आपो मागदा बाळाला घेऊन पुढे, इंजिनाच्या उबेला बसली. मी मागे, गुडघ्यांवर. साबेलचं डोकं ड्रायव्हरच्या बाजूला, पाय मागच्या दाराकडे. पायांखाली मी तांदळाचं पोतं ठेवलं, उंच राहावेत म्हणून. माझी पाठ तिच्या पायांकडे. एक हात तिच्या पोटावर, एक तिच्या मनगटावर.

निम्म्या चढाला धुकं लागलं. आमचं धुकं दुपारी येतं. आधी पाइनची टोकं जातात, मग बुंधे, मग रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड. दोन वाजले असतील, पण ताडपत्रीच्या आत संध्याकाळ झाली होती. खिंडीच्या अलीकडे रस्त्यावर दरडीचा राडा पडलेला होता. त्यावरून जाताना खालून काहीतरी फाडकन आपटलं. मी दचकले. साबेल दचकली नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली.

पाच मिनिटांत तो वास आला. तापलेल्या गंजाचा, गोडसर. पिद्योंगनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की सलाइनचा थेंब पडताना ऐकू यावा.

तो मागे आला. "दगड उडाला. खालच्या पाइपला चीर गेलीय. पाणी सगळं गेलं." मग थांबून, "बाकीचे दोन कॅन..."

"मी वापरले, मानोंग."

मला वाटलं आता ओरडेल. तो ओरडला नाही. माझ्या लाल झालेल्या बाह्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं केलंस. एक आहे, पण तो पुरणार नाही."

"समोर झरा आहे ना!"

"झरा आहे. पण म्हातारी तापलीय. गार पाणी घालायचं तर तासभर निववावी लागेल. गरम मिळालं तर लगेच." त्यानं वर बोट केलं. धुक्यात मला काहीच दिसलं नाही. "वर कोबीवाल्यांचं घर आहे. त्यांच्या चुलीवर पातेलं असतंच. अर्ध्या तासात येतो. तोवर झाकणाला हात लावायचा नाही. आणि झऱ्याचं पाणी तर... नाहीच."

"तासभर नाहीये हिच्याजवळ, मानोंग."

"म्हणून तर चाललोय," तो म्हणाला, आणि रिकामे कॅन घेऊन धुक्यात शिरला. थोडा वेळ त्याच्या बुटांचा चिखलात पचक पचक आवाज आला. मग तोही धुक्यानं गिळला.

मी साबेलची नाडी मोजली. एकशे बारा. पाच मिनिटांनी एकशे चोवीस. तिच्या ओठांवर पांढुरका थर आला होता. पाय हाताला गार लागले, ओल्या दगडासारखे. मी माझा स्वेटर त्यांवर टाकला.

"मानांग देल्फा... झोप येते," साबेल पुटपुटली.

"झोपायचं नाही! बाळाचं नाव सांग. काय ठेवणार?"

"तुम्हीच... ठेवा."

एकशे छत्तीस. पुढे बाळ रडायला लागलं आणि आपो मागदा काहीतरी गुणगुणायला लागली. तो सूर मी मयताच्या घरी ऐकलाय. तिला ते कळतही नसावं. माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. वीस मिनिटं झाली होती. मी विचार केला... खरं तर केलाच नाही. आपो मागदाला मागे बोलावलं, तिचा हात साबेलच्या पोटावर ठेवला, कसं दाबायचं ते दाखवलं, बाळाला गादीच्या कडेला ठेवलं, बादली उचलली आणि उतरले.

झरा रस्त्याच्या पलीकडेच होता. बांबूच्या पन्हळीतून पडणारं पाणी इतकं गार, की बोटं बधिर झाली. बादली भरून मी गाडीच्या नाकापाशी आले. त्या बॉनेटची बिजागरी मधोमध होती, दोन्ही बाजू पंखासारख्या उघडायच्या. पिद्योंगनं त्या उभ्या करून ठेवल्या होत्या, म्हणजे इंजिनाच्या वर मधोमध पत्र्याची एक भिंत. या बाजूला मी, त्या बाजूला धुकं. मी बादली खाली ठेवली, पोतं घेतलं, आणि झाकणाकडे हात नेला.

"बाजूला हो, आदिंग. गरम आहे."

आवाज पलीकडून आला. शांत, बसका, जरा दमलेला. मी किंचाळले नाही. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. "आलात, मानोंग! मी... मी उघडणारच होते."

 पत्र्याच्या भिंतीखालून, इंजिनावरून, दोन हात अलीकडे आले. हातमोजे घातलेले. फिकट, ढिले हातमोजे, मनगटापाशी सुरकुतून गोळा झालेले. मनात आलं, पिद्योंगनं हातमोजे कुठून आणले? तेवढंच. मग मी त्या हातांचं काम बघत राहिले. आजही ते आठवलं की आधी भीती वाटत नाही, आधी वाटतं, वा!

डाव्या हातानं वरचा पाइप चेपला. थांबला. पुन्हा चेपला. माझ्या हातातलं पोतं घेतलं, झाकणावर पसरलं, चारी कडा दाबून बसवल्या. पाव फेरा. फुस्स. वाफ माझ्याकडे न येता त्याच्या बाजूला जाईल अशी पोत्याची एक कड त्यानं उचलून धरली होती. मला हे नंतर कळलं. पूर्ण थांबेपर्यंत हात हलला नाही. मग उरलेला फेरा. झाकण उलटं करून, आतलं रबर अंगठ्यानं पुसून, बॅटरीवर ठेवलं. मग हात खाली, इंजिनाच्या पोटात गेले. रबर ताणल्याचा आवाज आला. जुन्या ट्यूबची पट्टी फुटक्या पाइपवर गुंडाळताना होतो तो कुर्र कुर्र आवाज, एकावर एक, घट्ट, सावकाश. कितीही घाई असली तरी शेवटची गाठ चाचपून बघणारा माणूस होता तो. माझ्या कॉलेजातल्या मोठ्या मॅडम टाके घालताना मी बघितल्यात. तसंच.

"पाणी," आवाज म्हणाला.

"हे गार आहे, मानोंग. झऱ्याचं. तुमचे कॅन..."

"दे."

मी बादली उचलून मडगार्डवर टेकवली. दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात गेले. आणि तसेच राहिले.

किती वेळ, सांगता येत नाही. पाणी आधी नुसतं हललं. मग त्यावर एक पातळ पांढरा पदर चढला. धुकंच असेल, मी म्हटलं. पण धुकं वरून खाली येत होतं आणि हे खालून वर चाललं होतं. बादलीच्या कडीला धरलेली माझी बधिर बोटं दुखायला लागली, हिवाळ्यात शेगडीजवळ धरल्यावर दुखतात तशी. पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. खूप दिवसांचं दुखणं क्षणभर थांबल्यावर माणूस सोडतो तसा.

"आता ओत. हळू... बारीक धार. घाई करायची नाही. घाई झाली की... हळू."

मी ओतलं. धार तुटली नाही. तळाशी गुळगुळ आवाज झाला, बुडबुडे आले, पाणी चढत चढत गळ्यापाशी आलं. एक थेंब खाली गळला नाही.

"मानोंग, झालं!" मी म्हटलं आणि मान वाकवून भिंतीखालून पलीकडे पाहिलं.

पलीकडे रस्ता होता. पांढरे दगड होते. आणि वरच्या उतारावरून, चिखलात पचक पचक करत, दोन्ही हातांत वाफाळते कॅन घेऊन, मानोंग पिद्योंग घसरत खाली येत होता.

"झाकणाला हात लावलास!" तो लांबूनच ओरडला. मग जवळ आला. बॅटरीवर उलटं ठेवलेलं झाकण बघितलं. वाकून पाइप बघितला. त्या पट्टीच्या गाठीवर त्याचं बोट थांबलं. मग त्यानं बादलीतल्या उरलेल्या पाण्यात हात घातला आणि पटकन काढला नाही.

"कुणी केलं?"

"तुम्हीच की... तुम्ही नाही का आता..." मी इंजिनाकडे बोट दाखवलं. "हातमोजे घालून..."

"मी हातमोजे घालतो का कधी?"

त्यानं टोपी काढली, झऱ्याच्या दिशेनं, धुक्याच्या दिशेनं, कुठेतरी मान लववली. मग झाकण लावलं, बॉनेट पाडलं आणि म्हणाला, "बस आदिंग. ती आधी."

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

उतारभर मी साबेलच्या पोटावरचा हात काढला नाही. आपो मागदा बाळाला घेऊन पुन्हा पुढे गेली होती. मागे आम्ही दोघीच. ताडपत्री बंद. माझ्या पाठीला, मागच्या दाराच्या बाजूनं, सारखी ऊब लागत होती. मला वाटलं इंजिनाची. इंजिन पुढे असतं, हे सुचण्याइतकी मी भानावर नव्हते. नाडी एकशे छत्तीस, एकशे तीस, एकशे अठरा. पोटाखालचा गोळा एका वळणावर हळूहळू टणक झाला आणि टणकच राहिला. मी मोठ्यानं रडले.

सहाच्या आत आम्ही इस्पितळात होतो. डॉक्टरीण म्हणाली, रक्ताच्या दोन पिशव्या लागतील, पण जगेल. "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. मी ते मनात रोज पूर्ण करते.

बाहेरच्या बाकावर पिद्योंगनं मला कॉफी आणून दिली. आपला पेला घेऊन शेजारी बसला. 

"ती गाठ माझ्या ओळखीची आहे. दोन वेढे उलटे, एक सुलटा. मला ती आन्दोंगनं शिकवली. ही गाडी आधी त्याची होती. तेव्हा मी तीस वर्षांचा, त्याचा बदली ड्रायव्हर."

"आता कुठे असतात ते?"

"ऐक तर. असाच दिवस, अशीच बाळंतीण मागे. मी तिच्या पायाशी बसलेलो. खिंडीत गाडी तापली. त्याच्यासारखा सावकाश माणूस मी पाहिला नाही, पण त्या दिवशी त्यानं घाई केली. एकदाच. पोतं न टाकता झाकण फिरवलं. सगळी वाफ दोन्ही हातांवर."

माझ्या तोंडून आवाज निघाला. "लगेच गार पाण्यात धरायचे हात! झरा समोर होता!"

"मीही म्हटलं. तो म्हणाला, वेडा आहेस? तापलेल्याला गार लावतात का? पास्मा होईल, हात कापायला लागतील, मग गाडी कोण चालवणार? मी चालवतो म्हटलं, तर म्हणाला, तू तिच्याजवळ थांब. त्याच हातांनी दोन तास चालवली त्यानं. हात गार होऊच दिले नाहीत. आणि दर वळणावर मागे ओरडून विचारायचा, पिद्योंग, तिचे पाय गरम आहेत ना?"

त्यानं पेला बाकावर ठेवला.

"होते का?" मी विचारलं.

"निम्म्या वाटेपर्यंत होते. पुढे मी खोटं सांगत राहिलो. नाहीतर त्यानं सोडून दिलं असतं, आदिंग. इथे पोचल्यावर त्यानं स्वतः तिच्या गार पायांना हात लावून पाहिला. माझ्याकडे नुसतं बघितलं. नवव्या दिवशी तो गेला. शेवटी हातांची कातडी अशी... सैल झाली होती." त्यानं आपल्या मनगटापाशी दोन बोटं फिरवली.

मी कॉफी सांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबेलला शुद्ध आली. पेज घेतली. बाळाला पाजलं. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "मानांग, त्या आजोबांना सांगा, फार उपकार झाले."

"पिद्योंगना?"

"नाही हो. पायाशी बसलेले ते. तुम्हीच सांगितलं असेल ना त्यांना, पाय उचलून धरायला? सगळी वाट मांडीवर घेऊन बसले होते. काय गरम हात! मला इतकं गार पडत होतं, आणि ते धरून होते म्हणून..." तिनं डोळे पुसले. "वळण आलं की स्वतःशीच म्हणायचे, गरम आहेत. गरम आहेत."

मी चादर बाजूला केली. दोन्ही घोट्यांवर, मागून पुढे आलेली, पाच-पाच बोटं. भाजल्यासारखी लाल. फोड नाही, सूज नाही. "दुखतं?" "छे. बरं वाटतं."

पिद्योंगनं ती ट्यूबची पट्टी अजून बदललेली नाही. "यापेक्षा चांगली मला बांधता येणार नाही," म्हणतो. मला विचाराल तर जगात इतकं नेटकं काम करणारा दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. एकदा घाई झाली म्हणून जो इतकी वर्षं तिथे उभा आहे, त्याची मी भीती का बाळगू? दर गुरुवारी खिंडीत मी उतरते, मान लववते, आणि मनापासून लववते.

पण मागच्या आठवड्यात साबेलच्या बाळाचा तिसरा डोस होता. साडेतीन महिन्यांचा झालाय, गुटगुटीत. साबेल मजेत दिसली. मी सहज म्हटलं, बघू तुझे पाय. तिनं स्कर्ट वर केला. डाव्या घोट्यावर पाच बोटं तशीच होती, कालची असावीत इतकी लाल. उजवा घोटा साफ होता.

"अरे वा, एका पायावरची गेली की!"

ती हसली नाही. बाळाला उराशी धरून म्हणाली, "मानांग, सुई दंडाला द्या."

"इतक्या लहानाला मांडीतच देतात, साबेल. आधीचे दोन्ही डोस तूच नाही का मांडी धरून..."

"आज दंडाला द्या."

बाहेर ऊन होतं. बाळाच्या पायांत मात्र जाड लोकरीचे मोजे, पार गुडघ्यापर्यंत ओढलेले. मी थर्मामीटर लावून पाहिलं. ताप नव्हता. मग मी त्याच्या उजव्या मोज्यावर नुसता हात ठेवला, आणि माझ्या हाताखाली, लोकरीच्या आतून, कुणीतरी पकड थोडी घट्ट केली.